उरलेलं काम

विद्यापीठाचा आदेश आला : यापुढे शिक्षकाने शिकवू नये; विद्यार्थ्यांनी गटागटाने एकमेकांना शिकवावे. अर्थशास्त्राच्या बाईंनी आदेश शिरसावंद्य मानला. कुणाचं मन दुखवायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. मग आदेशाचं तरी का दुखवा?

पाच-पाच जणांचे गट पडले. प्रत्येकाला पद मिळालं : नेता, वेळरक्षक, सादरकर्ता, प्रोत्साहक आणि उरलेलं काम करणारा. खिडकीजवळच्या गटात उरलेलं काम चष्मेवालीकडे आलं. तिनं पुस्तकं वाचली, तक्ते काढले, प्रकल्प लिहिला. नेत्यानं नेतृत्व केलं, वेळरक्षकानं घड्याळ पाहिलं, प्रोत्साहक मधूनमधून "भारी!" म्हणाला.

मग परस्पर-मूल्यमापन झालं. चौघांनी एकमेकांना पैकीच्या पैकी दिले आणि चष्मेवालीला शून्य. शेरा : 'सर्व काम स्वतःच करते. इतरांना सहभागाची संधी देत नाही.' नियमाप्रमाणे सहकार्यात शून्य म्हणजे विषयात नापास.

"मॅडम, माझं वर्ष जाईल हो!" चष्मेवाली रडकुंडीला आली. "मी काम केलंच नसतं तर?"

"तर अख्खा गट नापास झाला असता," बाई हळूच म्हणाल्या, "पण मिळून झाला असता."

तरी बाईंचा जीव तुटला. त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी तक्रार फार गांभीर्यानं घेतली, म्हणजे पाच प्राध्यापकांची समिती नेमली. तिथेही पदं वाटली गेली. स्वभाव पाहून बाईंना प्रोत्साहक केलं. उरलेलं काम नव्यानं लागलेल्या, अजून कायम न झालेल्या सरांकडे गेलं. त्यांनी प्रकल्प तपासला, पाचही मुलांना विचारलं आणि अहवाल लिहिला : मुलगी निर्दोष, नियम सदोष.

"छान!" बाई मनापासून म्हणाल्या.

"छान काय?" समितीचे नेते कडाडले. "आम्हाला न विचारता निष्कर्ष? याला गटकार्य म्हणतात?"

वेळरक्षकांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं. निष्कर्ष तेवढा उलटा झाला : मुलगी नापास, नव्या सरांना सहकार्याचं प्रशिक्षण. तिघांच्या सह्या पडल्या. कागद बाईंपुढे सरकला.

बाईंचं पेन थबकलं. नाही म्हणावं तर तिघांचं मन दुखणार. हो म्हणावं तर दोघांचंच. नेम मोडायचा तर थोडक्यात मोडावा. त्यांनी सही केली.

बाहेर चष्मेवाली उभीच होती. "मॅडम, तुम्ही होतात ना समितीत? काय केलंत?"

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "प्रोत्साहन दिलं गं."

तुम्हालाही त्या पोरीसाठी वाईट वाटलं ना? अगदी मनापासून? छान. बाईंच्या सहीखाली जागा सोडलेली आहे.