एका शब्दाचे आठल्ये

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहणाऱ्या श्रीधर आठल्यांना पंचवीस-तीस भाषा येतात. प्रत्येक भाषेतला एकेकच शब्द येतो, आणि तो म्हणजे दगड.

त्यासाठी त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक गोटा असतो. लिंबाएवढा, करडा, गुळगुळीत. समोरचा माणूस इंडोनेशियाचा, फिलिपिन्सचा, मादागास्करचा किंवा पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावरचा असल्याचा नुसता संशय आला, की गोटा बाहेर येतो आणि आठल्ये फार अदबीने विचारतात, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" इंग्रजीत 'स्टोन' म्हणून भाषांतर मागायचं नाही, हा त्यांचा नियम. "वस्तू हातात दिली की शब्द पोटातून येतो, बरं का."

गोटाही विकतचा. आपल्याकडे चालताना ठेच लागते ती उगाच नाही, हे या देशात आल्यावर कळतं. इथली जमीन म्हणजे गाळ आणि वाळू. आठल्यांनी रोपवाटिकेतून गोट्यांची अख्खी गोणी आणली, त्यातला एक निवडला आणि बाकीचे कचऱ्याच्या खोलीत ठेवून दिले. इमारतीच्या व्यवस्थापनाकडून त्याबद्दल समज मिळाली ती वेगळीच.

एकदा विमानतळावर तपासणीत तो गोटा निघाला. सुरक्षेवरच्या बाईंनी तो दोन बोटांत धरून विचारलं, "हे काय आहे?" आठल्ये म्हणाले, "तेच मी तुम्हाला विचारणार होतो." पुढचा पाऊण तास त्यांनी एका छोट्या खोलीत काढला. बाई निघाल्या इथल्याच, फ्रीसलंडच्या. म्हणजे कामाच्या नाहीत.

मग त्यांना मूतखडा झाला. वेदनेने कळवळत स्ट्रेचरवर पडलेले असताना नर्स फिलिपिनो आहे हे त्यांच्या लक्षात आलं. कोट माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या हातात होता. आठल्यांनी खुणेने गोटा मागवला. नर्स म्हणाली, "बातो." मग तिला हसू आवरेना, कारण तिच्या भाषेत मूत्रपिंडालाही बातोच म्हणतात. आठल्यांना जे झालं होतं ते 'बातो सा बातो', दगडातला दगड. निखिल शपथेवर सांगतो की त्यानंतर दहा मिनिटं हा माणूस कण्हायचं विसरला होता.

मीही त्यांना विक्षिप्तच समजत होते. मत बदललं ते एका रविवारी दुपारी. ते आमच्याकडे जेवायला आले होते आणि माझी मुलगी ईरा भूगोलाच्या अभ्यासासाठी पृथ्वीचा गोल घेऊन बसली होती. आठल्यांनी जेवता जेवता डाव्या हाताचं बोट तैवानवर ठेवलं.

"इथून माणसं निघाली. काही हजार वर्षांपूर्वी. होड्यांत बसून. लिहिणं नाही, नकाशा नाही." बोट खाली सरकलं. "फिलिपिन्स. बातो. बोर्निओ, सुमात्रा. बातू. जावा. वातू. आता काही जण या बाजूला गेले." बोट हिंदी महासागर ओलांडून पार आफ्रिकेच्या कडेला टेकलं. "मादागास्कर. वातू." ते बोट तिथेच ठेवून त्यांनी वरणभाताचा उजवा हात उचलला, मनगटानेच गोल फिरवला आणि कोपराने पॅसिफिककडे खूण केली. "आणि काही या बाजूला. फिजी. वातू. न्यूझीलंड. कोफातू. हवाई. पोहाकू. शेवटचं हाकू आहे ना, ते तेच. आणि सामोआत दगडाला वेगळा शब्द आला, तर याने दुसरं घर शोधलं. फातू म्हणजे काळीज."

त्यांची दोन्ही टोकं, बोट आणि कोपर, गोलाच्या दोन अंगांना होती. मधे अर्धी पृथ्वी. ईरा घरात मराठीला डचमधून उत्तर देते, पण त्या क्षणी तिने आपलं बोट तैवानवर नेऊन ठेवलं. कुणीतरी आई अंधारात, हलत्या होडीत पोराला म्हणाली असेल, किनाऱ्याला लागलो की दाखवीन, वातू म्हणजे काय ते. तिथे दगड नसणार, नुसतं पाणी. तरी शब्द पोचला.

"मग आपला खलबत्ता?" निखिलने वातावरण हलकं करायला विचारलं. "बत्ता म्हणजे बातूच की."

आठल्ये एकदम कडक झाले. बँकेत ते सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतात, ते अशा वेळी दिसतं. "आवाज जुळला म्हणून नातं लावायचं नाही, निखिल. पुरावा लागतो."

अशा माणसाशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणं अवघड. त्यांच्या पत्नी, वासंतीवहिनी, अचानक गेल्या तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. आठल्यांनी आम्हाला चहा दिला आणि तासभर मादागास्करच्या मलागासी भाषेबद्दल सांगितलं. त्यानंतर तीन वर्षांत वहिनींबद्दल एक वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

तळमजल्यावर ओमा तुमिनी राहायच्या. ओमा म्हणजे आजी. सगळी इमारत त्यांना तसंच म्हणायची. आजोबा-आजी जावाहून मजूर म्हणून बोटीने सुरिनामला गेलेले, आणि त्या स्वतः तरुणपणी सुरिनामहून इथे आलेल्या. गेल्या वर्षी त्यांना विसरण्याचा आजार जडला आणि मुलाने त्यांना हार्लेमच्या वृद्धाश्रमात ठेवलं. तो टिलबर्गला असतो. घर रिकामं करायला आला तेव्हा जिन्यात मला आणि आठल्यांना भेटला.

"आईचं डच गेलं," तो म्हणाला. "आता फक्त जावानीज बोलते. आम्हा मुलांना तिने ती शिकवलीच नाही, शाळेत मागे पडू म्हणून. तिथे कुणालाच कळत नाही. ती चिडते, मग गप्प बसते."

"मी जाऊन येऊ?" आठल्यांनी विचारलं.

"तुम्हाला जावानीज येतं?"

"एक शब्द येतो."

तो हसला. मग त्याने पत्ता दिला.

त्यांना गाडीने मी घेऊन गेले. ओमा खिडकीपाशी बसल्या होत्या, आम्हाला ओळखलं नाही. आठल्ये समोर स्टूल घेऊन बसले, गोटा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. नेहमीचा प्रश्न मात्र विचारला नाही. ओमांनी गोटा उलटा केला, अंगठ्याने घासला, गालाला लावला.

"वातू," त्या म्हणाल्या.

"वातू," आठल्ये म्हणाले.

ओमांनी मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बोलायला लागल्या. थांबेचनात. हसल्या, हाताने कसली तरी उंची दाखवली, पदरासारखं काहीतरी सावरलं. आठल्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते एकेक शब्द असा ऐकत होते की जणू तो आत्ताच किनाऱ्याला लागलाय. दारात उभी असलेली परिचारिका म्हणाली, एवढं बोलताना मी यांना कधी पाहिलं नाही. निघताना ओमांनी गोटा परत दिला नाही. आठल्यांनी मागितलाही नाही.

तेव्हापासून ते दर रविवारी ट्रेनने हार्लेमला जातात. जावानीज शिकत असतील असं मी धरून चालले होते.

परवाच्या रविवारी मला तिकडे काम होतं, म्हणून येताना त्यांना बरोबर घेऊ असं ठरवून मी वृद्धाश्रमात गेले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून मराठी ऐकू आलं, म्हणून मी थबकले.

"कढी अजून दोघांचीच होते, ओमा," आठल्ये म्हणत होते. "अंदाजच येत नाही मला. ती ओंजळीत पाणी घेऊन बघायची, तेवढंच पडायचं बरोबर. मी मापाच्या कपाने घेतो आणि तरी उरते. टाकवत नाही. मग सोमवारीही कढीच. रात्री फ्रीजचा आवाज येतो ना, तेव्हा वाटतं, उठली की काय पाणी प्यायला. हे कुणाला सांगायचं? लोक लगेच जेवायला बोलावतात."

ओमांनी ऐकून घेतलं. मग त्या सावकाश, समजावल्यासारखं, जावानीजमध्ये बरंच काही बोलल्या.

"हो ना," आठल्ये म्हणाले. "तेच तर."

आणि ते पुढे सांगू लागले. मी पाय न वाजवता खाली गेले आणि गाडीत बसून राहिले.