गंगाक्काची दुनळी

गंगाक्का ओट्यावर मेथी निवडायला बसली, की तिच्या उजव्या हाताला मेथीची जुडी असे आणि डाव्या हाताला दुनळी बंदूक. मध्ये सूप. भाजीवाला भाव सांगायच्या आधी बंदुकीकडे बघायचा, मग आक्काकडे बघायचा आणि मग घसा साफ करून बोलायचा. आमच्या गल्लीत मेथी बाकीच्या सोलापूरपेक्षा स्वस्त होती, ती एवढ्यामुळेच, असं माझं आजही मत आहे.

मी वेळापूरचा. सोलापुरात शाळेत मास्तरकी मिळाली आणि मी खोली शोधायला लागलो. त्या काळी एकट्या पुरुषाला खोली मिळणं म्हणजे मुलगी मिळण्याइतकंच कठीण. घरमालक उलटतपासणी घेत. लग्न का झालं नाही, विडी ओढता का, गावाकडे कोण कोण असतं, जागरणं करता का? अशी चार-पाच घरं फिरून मी सात रस्त्याच्या अलीकडच्या एका गल्लीत गंगाक्काच्या दगडी घरासमोर येऊन उभा राहिलो. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूती, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि शेजारी ती दुनळी. मी तसाच मागे वळणार होतो.

"खोली पायजे?" तिने विचारलं.

"हो. माझं नाव..."

"मी इचारलं का?"

माझं नाव तिथेच राहिलं.

"हितं दोनच कायदे," आक्का म्हणाली. "तुमच्या दाराच्या आत मी यायची न्हाय, माज्या दाराच्या आत तुमी यायचं न्हाय. तुमी काय खाता, कुटं जाता, मला सांगायचं न्हाय. मी काय करते, तुमी इचारायचं न्हाय. भाडं तेवढं इचारलं तर चालंल."

माझं नाव तिला कळलं ते पुढे कधीतरी, पोस्टमनने दारातून हाक मारली तेव्हा. त्यालाही तिने सोडलं नाही. "लोकांची नावं रस्त्यावर वरडतोस व्हय रं? उद्या त्येंची पत्रंबी वाचून दाव!"

म्युनिसिपालिटीचा माणूस घरटी माणसं मोजायला आला. "आक्का, घरात किती जणं?" तो म्हणाला. आक्काने मान वर न करता विचारलं, "का? जेवाया घालतोस समद्यांना?" तो बिचारा शेजारच्या घरी जाऊन आमच्या घराची माणसं मोजून गेला.

एकदा मी तापाने फणफणलो. खोलीचं दार लावून पडून होतो. आक्का आत येणं शक्यच नव्हतं, कायदा तिचाच होता. पण रोज दुपारी दारावर काठीचा ठोका पडे. उठून दार उघडावं तर बाहेर कुणी नाही, उंबऱ्याशी ज्वारीच्या कण्यांची गरम पेज आणि वर लिंबाच्या लोणच्याची फोड. बरा झाल्यावर मी आभार मानायला गेलो.

"कसली पेज?" आक्का खेकसली. "कुत्र्याला ठिवली आसंल."

आमच्या गल्लीत कुत्रं नव्हतं. त्या बंदुकीमुळे ते कधीच दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं होतं.

आक्काला विचारलेलं खपत नसे, पण स्वतःहून सांगायला फार आवडे. बंदुकीची सगळी हकिकत मला अशीच, न विचारता कळली. तिचं सासर अक्कलकोटकडचं. नवरा गावचा पाटील. ज्वारीत रानडुकरं शिरायची, मेंढरांवर लांडगे यायचे, म्हणून त्याने बंदूक घेतलेली.

"पन धनी लई भित्रे," आक्का सांगे. "बार काढायच्या आदी डोळं मिटायचे. डुक्कर जायचं पळून आनि बाभळीला छर्रे. यप्पा! समद्या बाभळी मारल्या त्येंनी. मग म्हनलं, द्या हिकडं."

तेव्हापासून बार आक्का काढायची आणि पाटील शेजारी कानांत बोटं घालून उभे राहायचे. गावात मात्र नाव पाटलांचंच.

पाटील वारले. दिवस झाले, आणि धाकटा दीर बैलगाड्या घेऊन दारात आला. वहिनी एकटी कशी राहणार, आमच्याकडे चला, आम्ही सांभाळू, असं त्याचं म्हणणं. सांभाळायच्या सामानात वहिनी होती, धान्याची पोती होती, पितळी भांडी होती आणि बंदूकही होती.

"मी पायरीवर बसले, बंदूक मांडीवर घिऊन. दीर म्हनला, वैनी, भरलेली हाय का? म्हनलं, इचारू नगंस. गाड्या आल्या तशा रिकाम्या परत गेल्या."

त्या दिवसापासून हा प्रश्न आक्काला विचारायचा नाही, असा नियमच झाला. आमच्या गल्लीत तर लहान पोरंसुद्धा तो पाळत.

पुढे ती सोलापूरच्या या घरात राहायला आली. दिराने अर्ज केला, की परवाना भावाच्या नावाचा होता, बाईमाणसाला बंदूक कशाला, ती मला द्यावी. कचेरीतून आक्काला बोलावणं आलं, बंदूक घेऊन या. साहेब गोरा, दुभाषा म्हणून एक कारकून.

"साहेब विचारतात, बाईला बंदूक कशाला लागते?"

"सायबाला इचार, त्येच्या दारात दोन श्यापाई कशाला लागत्यात?"

कारकुनाने घाम पुसला आणि बाई निराधार आहे, असं काहीतरी इंग्रजीत सांगितलं. साहेबाने मान हलवली. मग तो म्हणाला, पोलीस आहेत की. यावर आक्का म्हणाली, "फौजदार येस्तवर चोर जेवून, हात धुऊन, झोपलेला आसंल. घर माजं, उंबरा माजा, जीव माजा. राखायचा तर मीच राखायचा."

हे कारकुनाने कसं सांगितलं देव जाणे. साहेबाने शेवटचं विचारलं, चालवता तरी येते का? आक्काने टेबलावरचे कागद हाताने बाजूला सारले, खटकन बंदूक बिजागरीवर मोडून उघडली, नळ्या खिडकीकडे धरल्या आणि एका डोळ्याने आरपार बघितलं. खिडकीपाशी साहेबच बसलेला होता.

"नळीतनं सायेब लई बारीक दिसतो," तिने मला सांगितलं. "एवडासा. मला त्येची दयाच आली."

परवाना मिळाला.

अशी आमची वर्षं बरी चालली होती. मग एका उन्हाळ्यात शहरात सत्याग्रहाची गडबड उडाली. गोरी पलटण आली. संध्याकाळी घराबाहेर पडायची बंदी झाली, पांढरी टोपी घालायची चोरी झाली. आणि हुकूम निघाला, की ज्यांच्याकडे बंदुका असतील त्यांनी त्या चौकीवर आणून द्याव्यात. मोठमोठे इनामदार आणि सावकार टांग्यात बसून लगबगीने बंदुका देऊन आले. आक्का मेथी निवडत राहिली.

शेवटी फौजदार दोन शिपाई घेऊन स्वतः आला. अंगाने जाड, स्वभावाने भला माणूस, खेड्यातनंच आलेला. ओट्याखाली उभा राहिला. भाजीवाला पाटी घेऊन तिथेच होता. मी माझ्या दारात.

"आक्का, बंदूक द्या."

"का?"

"सरकारचा हुकूम हाय."

"लायसन कुनी दिलं? सरकारनंच न्हवं? मग सोताच्याच सहीवर सरकारचा इस्वास न्हाय व्हय?"

"समद्यांनी दिल्या की, आक्का."

"त्येंनी दिल्या, त्येंचं त्येंनी बगावं. माजा गुना सांगा नि बंदूक न्या."

फौजदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. "गुना काय न्हाय तुमचा."

"मग गुन्याबिगर दंड?"

 उत्तर नसलं की माणूस हुकमाचाच आधार घेतो. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आक्काने बंदूक शांतपणे उचलून मांडीवर आडवी घेतली. समोरच्या घरातला माग खडखडत होता, तो थांबला. आणि फौजदार, ज्याला गल्लीचा नियम माहीत नव्हता, त्याने विचारलं, "भरलेली हाय का?"

 मी कसा पुढे झालो ते मलाच कळलं नाही, पण मी ओट्याशी गेलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "आक्का, हे परत गेले तर पलटण येईल. ते गोरे. त्यांना तुम्ही काय सांगणार, आणि ते काय ऐकणार?"

"तुमाला इचारलं व्हतं का मास्तर?"

"नाही."

तिने पदराने नळ्या पुसल्या. मग फौजदाराला म्हणाली, "श्यापायाच्या हातात द्यायची न्हाय. तुमी सोता न्यायची. आनि झाकून न्हाय. चोरीचा माल न्हाय त्यो. खांद्यावरनं, समद्यांच्या देखत न्या."

तिने बंदूक मोडली आणि आतली दोन लाल काडतुसं काढून मेथीच्या सुपात टाकली.

म्हणजे भरलेली होती! इतकी वर्षं, रोज, मेथीच्या शेजारी! भाजीवाला मटकन खाली बसला. त्याला पाणी पाजावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आक्का ओट्यावर बसली, पण डावा हात कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. मेथी निवडता निवडता तो आपोआप बाजूला जाई आणि दगडावर टेकून परत येई. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग एके सकाळी समोरच्या घरातली नरसम्मा आली. मागवाल्या तेलुगू घरातली सून, तोंडाने चुरचुरीत. हातात वाटी. ती चक्क पायऱ्या चढून ओट्यावर आली. माझ्या माहितीत त्या पायऱ्या चढलेली पहिलीच बाई.

"आक्का, विरजन हाय का थोडं?"

आक्का इतकी गोंधळली, की तिने आत जाऊन विरजण आणून दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामी वाटी परत करायची नाही म्हणून तिच्यात शेंगांची चटणी होती. तिसऱ्या दिवशी नरसम्मा आपल्या जावेला घेऊन आली. मग गल्लीच्या टोकाच्या कुलकर्णीवहिनी. त्यांच्या घरी दही होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण गंगाक्काच्या घरात आहे तरी काय, हे बघायची गल्लीला वर्षानुवर्षांची तहान. आता बंदूक चौकीत होती.

आक्का माझ्यापाशी तक्रार करू लागली. "गल्ली सोकावली मास्तर. घरात शिरत्यात. चुलीत डोकावत्यात. फडताळ उघडून बगत्यात. काय काय इचारत्यात!"

"काय विचारतात?"

"आक्का, जेवला का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगनार? जेवले म्हनते." आक्काने नवी जुडी सोडली. मग सुपातल्या मेथीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "बंदूक व्हती तवा चोर आला न्हाय. पन पावनाबी न्हाय आला."

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की ती रोज मोठं पातेलं भरून दही लावते. एकट्या बाईला एवढं दही काय करायचं, हे मी अर्थातच विचारलं नाही.

पावसाळा सरला, शहर निवळलं. चौकीतून निरोप आला, बंदूक घेऊन जा. मला वाटलं, आक्का अनवाणी धावत सुटेल. ती म्हणाली, उद्या बघू. उद्या अमावस्या निघाली. मग गुडघा दुखायला लागला. मग ऊन फार होतं. शेवटी मी म्हणालो, "आक्का, नको असेल तर राहू द्या तिकडेच."

"का म्हून?" ती उसळली. "माजी हाय ती. हक्काची हाय. सरकारच्या घरात का म्हून पडावी?"

त्याच दुपारी टांगा करून आम्ही चौकीवर गेलो. बंदुकीच्या नळीला तांबूस गंज चढला होता. आक्काने फौजदाराला सगळ्या शिपायांसमोर उभं करून धुतलं. "लेक सासरी दिली तर सासूबी आसे हाल करत न्हाय! घासलेटाचं एक बोट फिरवाया हात झडले व्हते का?" फौजदार खाली मान घालून ऐकत होता. शेवटी त्यानेच बंदूक दोन्ही हातांत धरून टांग्यात आणून ठेवली.

सात रस्त्यावर आक्काने टांगा थांबवला. उतरली आणि शिंदीची एक मोठी चटई घेऊन आली.

"चटई कशाला, आक्का?" मी न राहवून विचारलं. विचारल्याबद्दल ती रागावली नाही.

"बाया येत्यात. भुईवर बसत्यात."

मग तिने टांगेवाल्याला घोड्याला पाणी दाखवायला पाठवलं, आणि तो वळल्याबरोबर बंदूक चटईवर ठेवून चटई घट्ट गुंडाळली. ती माझ्या हातात दिली.

"तुमी धरा. आनि हे बगा मास्तर, बंदूक आली म्हून गल्लीत कुनाला बोलायचं न्हाय."

गल्लीत आलो तर ओट्यावर नरसम्मा वाट बघत बसलेली. "कुटं गेला व्हता आक्का? चटई आनली व्हय? बरं झालं. पसरा की, बसू!"

चटई माझ्या कवेत. मी ती आणखी घट्ट धरली. आक्का जराही अडखळली नाही.

"वल्ली हाय अजून. मास्तर, आत वाळत घाला जावा."

आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवून मला आपल्या उंबऱ्याच्या आत ढकललं. मी पहिल्यांदाच त्या घरात पाऊल टाकत होतो. आत थंडगार अंधार होता, ताकाचा वास होता. धान्याच्या कणगीमागे मी चटई उभी केली, आणि आतून काही वाजलं तर नाही ना, म्हणून क्षणभर थांबलो.

बाहेर नरसम्माचा आवाज आला, "जेवला का आक्का?"

"न्हाय अजून," गंगाक्का म्हणाली. "बस. भाकरी टाकते, दोगीबी खाऊ."