हुलीला जोडी नाही

खेरवाडी तालुक्यात यंदापासून कबड्डीतली कुठलीही चाल, तिला मंजूर इंग्रजी शब्दजोडी असल्याशिवाय, घडली असं धरत नाहीत. बेचाळीस जोड्यांची यादी पंचांच्या टेबलावर असते आणि शब्दाधिकारी पेंडसे सर ती बोट लावून वाचतात.

अंतिम सामना बरोबरीत होता. शेवटच्या चढाईत यमुना खरातनं डावा खांदा टाकून हूल दिली, उजवीकडच्या दोघींना शिवली आणि मधली रेषा ओलांडून परत आली. ही हूल तिला आईनं गोठ्यात, मारक्या म्हशीसमोर उभं करून शिकवली होती. तीन वर्षं गुडघे फुटत होते.

पेंडसे सरांनी यादी दोनदा पाहिली.

"हुलीला जोडी नाही. चाल घडली नाही."

"ते 'निंबल फुटवर्क' लिवा की!"

"ते पायांचं. तू खांदा टाकलास."

"अहो, अख्ख्या गावानं बघितलं!"

"बघितलं असेल. घडलं नाही. तू परतही आलेली नाहीस."

यमुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आले नाही? बरं. मग मी तिकडंच हाय," ती म्हणाली आणि चपला घालून घरी गेली.

"हिचा दम तुटला! बाद द्या!" समोरच्या संघाची कर्णधार रेवती ओरडली. सरांनी यादी पाहिली. दम तुटण्यालाही जोडी नव्हती. रेषेबाहेर जाण्याला मात्र होती: 'केअरलेस फुटवर्क', क्रमांक एकोणचाळीस. बाहेर पडेल ती बाद. नोंदीत यमुना अजून आतच, म्हणजे चढाई चालूच; मग रेवतीच्या संघातल्या सातहीजणी हातात हात धरून आपल्या अर्ध्या मैदानात उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी पेंडसे सर यमुनेच्या दारात आले.

"त्या पोरींना डबे पोचवून लोक थकले गं. 'टॅक्टिकल रिट्रीट' लावू या. म्हणजे डावपेचाची माघार. तू परत आल्याची नोंद होईल, सामना बरोबरीत सुटेल."

"माघार?" यमुनेनं भाकरी तव्यावर आपटली. संतापानं तिचा आवाज चिरकला. "दोघींना शिवून आलेय मी, पळून न्हाई! यादीत जागा नसंल तर यादी फाडा. माझी चढाई का फाडताय?"

"यादी वरून येते."

"मग वरनं दुसरी येईपतोर मी आत हाय."

तशी नोंद करून सर निघाले. यमुनेनं भाकरी उलटली, आणि रागाच्या भरात तिचा डावा खांदा जरासा खाली गेला.

मैदानावर सातहीजणी डावीकडे झुकल्या.