न बसलेला धक्का

एका जंगलात, मुलांनो, एक भेकरीण तीन रात्री झोपली नव्हती. वाघ आला नव्हता. वणवा लागला नव्हता. तिला एवढीच काळजी होती, की आपण गाडीची मूठ पिळली आणि पाठीमागं बसलेलं पोर मागच्या मागं सांडलं, तर आपल्याला ते किती वेळानं कळेल?

भेकर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच. नसलं तरी मान हलवा, शाळेत तसंच करतात. भेकर म्हणजे एक लहानसं हरीण. ते कुत्र्यासारखं भुंकतं. पान हललं की भुंकतं, आणि नाही हललं तर का हललं नाही म्हणून भुंकतं.

या भेकरिणीचं नाव चारुता. ती शिकलेली होती. चाहूलशास्त्राची पदवी होती तिच्याकडे, तीही पहिल्या वर्गातली. चारशे पावलांवर वाळकं पान वाजलं, तर ते वाऱ्यानं वाजलं की बिबट्याच्या पंजानं, हे ती डोळे मिटून सांगायची. अशा शिक्षणाचा एक तोटा असतो. डोळे मिटता येतात, पण झोप लागत नाही.

तिला एक मुलगी होती, बकुळ. बकुळच्या पाठीवरचे ठिपके अजून गेले नव्हते. बकुळचे बाबा शिंगं झडली की एकटे राहायला जात आणि नवी फुटली की परत येत. सध्या ते शिंगांच्या कामात होते.

बकुळला शाळेत घालायचं होतं. जंगलात शाळा तीन. दोन साध्या होत्या, म्हणून तिकडं कुणी फिरकत नसे. तिसरी विद्युल्लता बालविद्यालय. तिथले मुख्याध्यापक मोर होते. त्यांच्या माहितीपत्रकात पहिलीच ओळ होती, 'पालक गतिमान असावेत.' खाली बारीक अक्षरांत गतिमान म्हणजे काय तेही दिलं होतं. पालकानं पाल्याला स्पोर्ट्स बाईकवर मागं बसवावं आणि समितीसमोरून एक फेरी मारावी. त्या फेरीला गुण होते. पाल्याला काय येतं, याला नव्हते. यंदा जागा उरली होती एक, आणि अर्ज आले होते दोन.

आता त्या जंगलात रस्ता किती? एकच, सव्वा कोस लांबीचा. त्यावर अकरा स्पीडब्रेकर. प्रत्येकानं आपापल्या बिळासमोर एकेक बांधून घेतला होता, कारण दुसऱ्यांची पोरं फार जोरात गाड्या चालवतात. आणि या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या कशा, तर तासाला शंभर कोस जातील अशा. दुसऱ्या गिअरच्या पलीकडं कुणी कधी गेलंच नव्हतं. सहावा गिअर असतो असं ते ऐकून होते, जसं समुद्र असतो असं आपण डोंगरात ऐकून असतो.

हरणाच्या खुरांत हँडल कसं मावतं, असं विचारू नका. सिंहाच्या डोक्यावर मुकुट कसा टिकतो, हे विचारलंत का कधी?

तर चारुतानं गाडी आणली. लाल रंगाची, पुढून गांधीलमाशीसारखी दिसणारी. पालकांचा एक गट होता, तो सातभाई पक्षी चालवत. पहाटे सुप्रभात म्हणायचं आणि मग दिवसभर कुणाचं पोर कुठवर पोचलं ते ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. सातही जणांनी चारुताला कळवलं, की काही अवघड नसतं हो, आपोआप येतं. त्यांच्यापैकी एकालाही गाडी येत नव्हती.

रीतसर पूजा झाली. हळदकुंकू लावलं, हार घातला, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. नव्या गाडीनं लिंबं चिरडायची आणि मग निघायचं, अशी जंगलातली रीत. चारुता गाडीवर बसली. गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला. नेमकं तेव्हाच एका वानरानं दगडावर नारळ फोडला.

भेकराची जात अशी, की दचकलं की अंग आवळायचं आणि पुढं झेप घ्यायची. हजारो वर्षं हे बरोबरच होतं. पण गाडीवर अंग आवळलं की मूठही आवळते. मूठ आवळली की मनगट खाली जातं, आणि मनगट खाली गेलं की रेस वाढते. गाडी गरजली. तिच्या गरजण्यानं चारुता आणखी दचकली, आणखी दचकली म्हणून तिनं आणखी आवळलं. लिंबं चिरडली. पूजेचं ताट चिरडलं. वानर नारळासकट झाडावर गेलं. शेवटी गाडी करवंदीच्या जाळीत अडकली आणि चारुता जाळीच्या पलीकडं जाऊन पडली.

बकुळ गाडीवर नव्हती, हे नशीब. ती वानराच्या हातून सुटलेलं खोबरं खात होती. पण चारुताच्या डोळ्यांसमोर ती गाडीवरच होती, आणि दर वेळी मागं सांडत होती.

सातभाईंनी संध्याकाळपर्यंत सात सल्ले दिले. त्यांतले तीन एकमेकांच्या विरुद्ध होते आणि उरलेले चार हेल्मेटच्या रंगाबद्दल. चारुतानं सगळे लिहून घेतले. मग ती घोरपडमामीकडं गेली.

घोरपडमामीचं गॅरेज एका कातळाखाली होतं. आता घोरपडीची ख्याती तुम्हाला ठाऊक आहेच. एकदा कड्याला चिकटली की तिच्या भरवशावर माणसं दोरानं वर चढतात म्हणे. मामी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुठी सोडवत बसली होती.

मामीनं गाडीकडं पाहिलंच नाही. तिनं चारुताचे खांदे पाहिले. ते कानांना टेकले होते.

"किती दिस झोपली न्हाईस?"

"तीन रात्री. आज चौथी होईल."

"पोरगी पडंल म्हणून?"

चारुतानं मान हलवली.

"आन् पडू नये म्हणून मूठ गच्च धरतीस."

"मग काय सैल धरू, मामी? माझं एकुलतं एक पोर आहे."

मामीनं जीभ बाहेर काढून आत घेतली. तिच्या घराण्यात विचार करायची हीच पद्धत. "हे बघ बाई, गच्च धरायचं मला शिकवू नको. आमच्यात दुसरं काय येतच न्हाई कुणाला. गच्च धरायचं ते गुडघ्यांनी. पेट्रोलच्या टाकीला गुडघ्यांनी मिठी मार. जेवढी भीती असंल तेवढी सगळी गुडघ्यात ठेव. गुडघ्याला रेस नसती."

चारुतानं तेही लिहून घेतलं. 'मूठ सैल' असं लिहून तिनं त्याखाली दोन रेघा ओढल्या, त्या इतक्या जोरात की कागद फाटला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी लागली. मामीनं तिच्या मुठीत एक पिकलेलं जांभूळ ठेवलं. गाडी चालवून परत यायचं आणि जांभूळ दाखवायचं. पहिले तीन दिवस चारुताचा खूर कोपरापर्यंत जांभळा झाला. चौथ्या दिवशी तिनं कच्चं जांभूळ निवडून घेतलं, कारण ती शिकलेली होती. मामीनं ते बघितलं आणि तिलाच खायला लावलं.

मामी म्हणायची, मूठ फिरवली की आधी थोडी रिकामीच फिरते, गाडी हलत नाही. तिथं थांबायचं. दारात येऊन कडी वाजवल्यासारखं. गाडीला आधी कळू द्यायचं की आपण आलोय, आणि मग आत जायचं. मूठ सोडतानाही तसंच. एकदम सोडली तर मागं बसलेलं पोर पाठीवर आदळतं. वळणावर मधेच दचकून सोडली तर गाडी आपल्या मनाची होते. मग दोष द्यायला सुरुवात करायची ती कुणापासून, एवढाच प्रश्न उरतो.

चारुतानं विचारलं, मूठ किती फिरवायची याचं काही माप आहे का, म्हणजे अंश वगैरे.

"भाजीत मीठ अंशांनी घालतीस का?" मामी म्हणाली.

भाजीत मीठही ती दोनदा चाखून, एकदा पुस्तकात बघून घालत असे.

पुढं मामीनं मागच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेली करवंटी बांधली. बकुळच्या जागी. पहिल्या दिवशी पाणी पहिल्या स्पीडब्रेकरलाच चारुताच्या मानेवर आलं. करवंटी सांडली की चारुता थांबायची, मागं वळून करवंटीकडं बघायची आणि तिची माफी मागायची. दहा दिवस ती करवंटीची माफी मागत होती.

अकराव्या दिवशी ती अकरा स्पीडब्रेकर पार करून परत आली. करवंटीतलं पाणी थरथरत होतं, पण सांडलं नव्हतं. मुठीतलं जांभूळ तसंच गोल होतं. मामीनं ते उचलून तोंडात टाकलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेली.

चारुताला आनंद व्हायला हवा होता. तिला वाटलं, काहीतरी चुकतंय. गाडी नीट चालली तर काही झाल्यासारखंच वाटत नव्हतं. ना झटका, ना आवाज, ना घाम. शिकल्यावर असं वाटतं का? की आपण शिकलोच नाही?

परीक्षेचा दिवस उजाडला. समिती वडाखाली बसली होती. समितीत मोर होते, आणि मोरसाहेबांचं बरोबर आहे असं म्हणणाऱ्या दोन लावरी पक्षिणी. पुढं वळणावर वानरांचं ढोलपथक बसवलं होतं, वातावरणनिर्मितीसाठी.

दुसरा अर्ज होता तो भीमावहिनींचा. भीमावहिनी रानडुकरीण. त्यांचा गट्टू मागं बसला होता आणि गाडीचा हार खात होता. वहिनींनी सरावबिराव केला नव्हता. त्यांनी गाडी आणल्यापासून अंगणात उभी करून तिच्यासोबत स्वतःची छायाचित्रं तेवढी काढली होती. शिट्टी वाजली. वहिनींनी मूठ अशी पिळली, जशी ओल्या गोधडीचं पाणी काढावं. पुढचं चाक हवेत गेलं. गट्टू त्याहून वर गेला आणि चिखलाच्या डबक्यात पडला. ढोल वाजू लागले. गाडी वहिनींना घेऊन समितीच्या टेबलावरून गेली, पाण्याचा माठ फोडून थांबली. चिखल उडाला तो थेट मोरसाहेबांच्या पिसाऱ्यावर.

मग मोरसाहेब म्हणाले, "याला म्हणतात आत्मविश्वास."

लावऱ्या म्हणाल्या, बरोबर आहे. गट्टू डबक्यात लोळत होता आणि "पुन्हा! पुन्हा!" म्हणत होता. सातभाईंनी ही बातमी झाडाझाडावर नेली. भीमावहिनी चारुताजवळ आल्या, कपाळाला टेंगूळ घेऊन. त्यांनी हळूच विचारलं, "अगं, थांबायचं कुठून असतं? मी त्यासाठीच पिळली होती."

मग शिट्टी वाजली. चारुताची पाळी आली.

बकुळ मागं बसली. तिनं आईच्या पाठीला गाल लावला. तो लहानसा ऊबदार भार लागताच चारुताचे खांदे पुन्हा कानांकडं निघाले. करवंटीला गाल नव्हता. तिनं गुडघ्यांनी टाकी धरली. मूठ रिकामी फिरली, तिथं ती थांबली, आणि मग दार उघडावं तशी गाडी निघाली. एक स्पीडब्रेकर गेला, दुसरा गेला.

वळणावर वानरांनी ढोलावर टिपरू मारलं, अगदी कानाशी.

चारुताचं सगळं अंग आवळलं. हजारो वर्षांची झेप पोटरीत येऊन उभी राहिली. मूठ वळायला लागली होती. त्या अर्ध्या श्वासात तिला बकुळ हवेत दिसली, आणि खाली डबकंसुद्धा नव्हतं, खडी होती. तिनं भीतीला खाली ढकललं, खांद्यातून कमरेत आणि कमरेतून गुडघ्यांत. गुडघे थडथडले. मूठ होती तिथंच राहिली. गाडी वळणातून अशी बाहेर आली, जशी सुईतून दोरा.

परत येताना चारुता वडाखालून गेली, थांबली, गाडी बंद केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं ते हेल्मेटमध्येच राहू दिलं.

मोरसाहेब पिसाऱ्यावरचा चिखल पुसत होते. लावऱ्या माठाचे तुकडे मोजत होत्या. मोरसाहेबांनी वर पाहिलं.

"हां, या मॅडम. सुरू करा तुम्ही."

"माझी फेरी झाली, सर."

"कधी?"

"आत्ताच. तुमच्या समोरूनच गेले."

मोरसाहेबांनी लावऱ्यांकडं पाहिलं. लावऱ्यांनी नोंदवहीत पाहिलं. आवाज, धूळ, पडझड, असे तीनही रकाने कोरे होते. मोरसाहेब नम्रपणे म्हणाले, की संस्था कुणावर अविश्वास दाखवत नाही. पण जे जाणवलं नाही त्याला गुण देण्याची तरतूद नियमांत नाही. शिवाय वेळही संपली आहे. तरी मॅडम शिकलेल्या दिसतात, म्हणून एक सवलत. त्या खरोखर गेल्या होत्या, असं सांगणारा एक जरी साक्षीदार असेल, तर समिती विचार करील.

चारुतानं ढोलपथकाकडं पाहिलं. ते डोळे मिटून वाजवत होते. तिनं सातभाईंकडं पाहिलं. ते अजून भीमावहिनींच्या बातमीवर होते.

मग तिला एकदम आठवलं, की साक्षीदार तर आहे. पूर्ण फेरीभर तिच्यासोबत होता. "बकुळ होती की," ती म्हणाली. "माझ्या मागं बसली होती. तिला विचारा."

सगळ्यांनी बकुळकडं पाहिलं. मोरसाहेबांनी लेखणी उचलली. एक जागा, शाळेचं एक वर्ष, आणि जांभळा झालेला खूर, सगळं त्या एका तोंडावर येऊन थांबलं.

बकुळनं आईच्या पाठीवरून गाल उचलला. गालावर आईच्या जॅकेटच्या शिवणीचा वळ उमटला होता. तिनं मोठी जांभई दिली, डोळे चोळले, इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली,

"आई, आपण निघायचं कधी?"

*

तात्पर्य : न बसलेल्या धक्क्याला गुण नसतात. म्हणून, मुलांनो, शहाण्या पालकानं आपल्या पाल्याला वर्षातून निदान एकदा, समिती बघत असताना, खाली पाडावं.