असाफिरीचं माप

पित्याचे गुण पुत्रात उतरतात, पुत्र त्यात स्वतःची भर घालतो आणि सृष्टी पुढे चालते. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, अम्मानमध्ये अबू गस्सान यांच्या मिठाईच्या दुकानात, सकाळी साडेनऊला ती अडली.

कतायेफ म्हणजे एकाच बाजूने भाजलेलं, सारण भरून दुमडायचं जाडसर धिरडं. त्याचं पीठ ओतणारं यंत्र थोरल्या मुलाने, गस्सानने, बापाच्या मनाविरुद्ध आणलं होतं. फदवाखालांकडे साखरपुड्याची इफ्तार होती आणि त्यांना पाचशे असाफिरी, म्हणजे तळहातात मावणारी, साय भरून न तळता खायची छोटी कतायेफ, हवी होती.

"दुपार कलताना होणाऱ्या अस्रच्या नमाजापर्यंत पाचशे निघाली तर यंत्र राहील," अबू गस्साननी जाहीर केलं, "नाहीतर यंत्र परत, आणि तू पुन्हा तराजूवर."

यंत्राला छोटी सांगितली. त्याने बशीएवढी ओतली.

यंत्राच्या कंपनीतून दोघं धावत आले. उस्ताद शुक्रींनी मूळ प्रोग्राम वीस वर्षांपूर्वी एका जुन्या, कडक भाषेत लिहिला होता. त्यात 'कतायेफ' हा बाप. रीमने गेल्या महिन्यात नव्या, सैल भाषेत त्याला 'असाफिरी' हे मूल जोडलं होतं. सगळं बापाचं, फक्त माप स्वतःचं.

रीमने लॅपटॉपवर असाफिरीला माप विचारलं. "सहा सेंटिमीटर! बघा, पोरगं बरोबर सांगतंय."

"मग ओततंय बारा कोण?" गस्सानने विचारलं.

"ओतायचं काम बापाकडे. तो पोराला विचारतच नाही, स्वतःचंच माप घेतो."

"म्हणजे आमच्या घरासारखंच."

"तू गप्प बस," अबू गस्सान म्हणाले.

"उस्ताद, आमच्या भाषेत मुलाने नवं सांगितलं की बाप ऐकतो," रीम म्हणाली.

"म्हणूनच तुमची भाषा वाया गेली. माझ्या भाषेत बापाने आधी लेखी परवानगी दिल्याशिवाय मुलाचा शब्द चालत नाही."

"मग द्या ना! एक शब्द तर लिहायचाय."

"वीस वर्षांत कुणी मागितली नाही."

दोघांचाही रोजा होता. कॉफी नाही, सिगारेट नाही. अशा वेळी माणसाची तत्त्वं फार टणक होतात. वाद दुपारपर्यंत चालला आणि यंत्र ओतत राहिलं, कारण ते बंद करणं हे प्रत्येकाला दुसऱ्याचं काम वाटत होतं. तीनशे मोठी साचली.

गल्ल्यावरून धाकटी मैस फोन घेऊन आली. "बाबा, फदवाखाला म्हणतात की..."

"नंतर, बेटा. आधी हा तमाशा बघू दे." अबू गस्सान इतके खुशीत होते की त्यांनी तीनशेच्या तीनशे मशिदीतल्या इफ्तारला पाठवून दिली. "पुण्य मला, नामुष्की यंत्राला!"

अखेर शुक्रींनी परवानगीचा शब्द लिहिला. त्यानुसार रीमने घाईघाईत मूल नव्याने लिहिलं. आता यंत्राने काहीच ओतलं नाही.

शुक्री तिच्या पडद्यात डोकावले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. "पोरगं बापाला सलाम न करताच घरात शिरलंय! बाप जागाच झालेला नाही."

"तुमच्याकडे सलाम आपोआप होतो ना? मला वाटलं, इथेही तुमच्याकडूनच होईल."

"मला वाटलं, तू करशील."

मूल सुरू होताच आधी बापाला जागं करणारी एक ओळ वाढली. सलाम झाला. अस्रच्या अजानला पाच मिनिटं असताना पाचशे असाफिरी ओळीने मांडलेली होती. अबू गस्साननी ती दोनदा मोजली आणि दाढ उपटून घेतल्यासारख्या आवाजात म्हणाले, "राहू दे यंत्र."

गस्सानने रीमचा हात हलवून हलवून सोडला, मग शुक्रींच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"बाबा, आता सांगू?" मैसने विचारलं.

"सांग, सांग."

"फदवाखालांचा फोन होता. नवऱ्याकडच्यांना सायीची नाही, अक्रोड भरून तळलेली आवडतात. छोटी नकोत म्हणाल्या. मोठी द्या, तीनशे पुरेत."

गस्सानने मशिदीत फोन लावला. तीनशेच्या तीनशे तळून पाकात पडली होती.