पूजेत बसलेलं यंत्र

आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाबाहेर, टेकडीवरच्या बंगल्यात खंडेनवमीची पूजा मांडली होती. डायनिंग टेबलावर सुनेत्राचा स्टेथोस्कोप, मोरेश्वरचा लॅपटॉप, सुऱ्या, मिक्सर, पाना, आणि या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या नावाखाली सुपरमार्केटातून आणलेल्या पिवळ्या शेवंतीचा हार घालून, हिरव्या रंगाचं एक धिप्पाड लोखंडी यंत्र. त्याला हातभर लांब दांडा होता आणि दांड्याच्या गोळ्यावर हळदीकुंकू.

"काडतुसं भरायचं प्रेस आहे आई, प्रेस!" मोरेश्वर सकाळपासून हे सगळ्यांना सांगत सुटला होता. आनंद त्याच्या अंगात मावत नव्हता.

"कायचं का असेना," इरावतीबाई म्हणाल्या. "पायलं मी, दणकट आहे. पण मी ऑगस्टपासून सोऱ्या मागून राह्यले, तो नाही आला. दिवाळी तोंडावर आली, चकल्या काय बोटानं करू?"

"बघतो गं आई."

इरावतीबाई नागपूरहून फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि कोविडनं विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकल्या होत्या. 'बघतो' या शब्दाचा अर्थ त्या मुलाच्या लहानपणापासून ओळखून होत्या.

हे यंत्र घरात आलं ते शेजारच्या शेमसमुळे. शेमस मेंढ्या पाळायचा आणि निर्बंध जरा सैल होते तेव्हा सप्टेंबरात तो मोरेश्वरला आपल्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला. तिथे मातीच्या बशा हवेत उडवतात आणि बंदुकीनं फोडतात. मोरेश्वरनं पहिल्याच बाराला बशी फोडली. बशी फुटली की वाऱ्यानं पडली यावर क्लबात अजून मतभेद आहेत, पण मोरेश्वर तिथेच कामातून गेला. त्या बाराचं रिकामं लाल काडतूस त्यानं खिशात घालून आणलं, धुतलं, आणि देव्हाऱ्याच्या कडेला ठेवलं. दुसऱ्याच दिवशी शॉटगनच्या लायसन्ससाठी अर्ज टाकला.

परत येताना शेमस सहज बोलून गेला होता, "हल्ली काडतुसं मिळायची मारामार आहे बघ."

झालं! बंदूक नाही, लायसन्स नाही, आणि आमचे मोरोपंत रिकामी काडतुसं दारू-छर्रे घालून घरी पुन्हा भरायच्या तयारीला लागले. अहो, दिवसभर घरून सॉफ्टवेअरची नोकरी, बाहेर जायला बंदी, असल्या माणसाच्या हाती असा विषय लागला की काय होतं? एक्सेल होतं. एका वेळी एकच काम करणारं यंत्र घ्यावं, फिरत्या माथ्याचं घ्यावं, की एका ओढीत सगळं करणारं? साचे कुठले? काटा किती बारीक तोलणारा? त्यानं रकाने पाडले, गुण दिले, रंग भरले. जेवताना व्हिडिओ, आंघोळीला व्हिडिओ. दाढीवाले अमेरिकन दांडा ओढायचे, पिवळीधमक पितळी काडतुसं टपाटप बाहेर पडायची आणि मोरेश्वर पलंगावर बसून "वा! काय हात आहे!" म्हणायचा.

"माझ्याशी लग्न करताना एवढी चौकशी केली होतीस का रे?" सुनेत्रानं एकदा विचारलं.

"तेव्हा ऑप्शन कुठे होते?" तो नजर न हलवता म्हणाला, आणि तीन दिवस स्वतः भांडी घासत बसला.

सुनेत्रा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. कोविडच्या वॉर्डातून थकून यायची आणि यायची ती एकाच काळजीत. तिचा आयरिश नागरिकत्वाचा अर्ज गेला होता. वर्षानुवर्षं गावोगावी बदल्या सोसून ती इथवर पोचली होती, आणि आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी व्हायची राहिली होती. घरातून कसलंही लफडं निघालं की अर्ज बाराच्या भावात गेलाच म्हणायचा. पार्सल उघडलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हे चालतं ना रे इथे?"

"अगं, अमेरिकेत घरोघरी असतं!" तो म्हणाला. आपण अमेरिकेत राहत नाही, हे तिच्या लक्षात येईपर्यंत त्यानं टेबलाला भोकं पाडून यंत्र बसवलंसुद्धा.

तर खंडेनवमी. मोरेश्वरनं पूजेचा फोटो काढून शेमसला पाठवला. दहा मिनिटांत शेमस धापा टाकत फाटकाशी उभा. गमबूट उलटसुलट, मास्क हनुवटीवर.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"का? काय झालं?"

"घरी काडतुसं भरायला इथे परवानगी लागते, आणि ती मिळालेला माणूस मी आजवर बघितलेला नाही. आणि ती गार्ड नूला, पोलीस स्टेशनातली, तुझ्या लायसन्ससाठी घर बघायला निघाली आहे. मला चौकात भेटली. चहा प्यायला थांबवली असती, पण निर्बंध आहेत ना!" एवढं बोलून शेमस आल्या पावली पळाला.

मोरेश्वरचा चेहरा खाडकन उतरला. तो आत धावला आणि त्यानं पूजेतला पाना उचलला.

"ठेव तो!" इरावतीबाई कडाडल्या.

"आई, पोलीस येतायत!"

"देवाचे बाप येऊन राह्यले तरी! खंडेनवमीले पूजेतलं अवजार उचलत नसतात. उद्या दसऱ्याले उत्तरपूजा झाली का मंग घे."

"अगं पण बोल्ट कशानं काढू?"

"दुसरा पाना घे!"

"दुसराही पूजेत आहे! तूच म्हणालीस ना, घरातली सगळी अवजारं आण!"

मोरेश्वरनं बोटांनी बोल्ट फिरवून पाहिला. पण यंत्र तसूभरही हलू नये म्हणून त्यानं बोल्टांना वरून गोंद लावला होता, दाढीवाल्या अमेरिकनांच्या सांगण्यावरून. बोल्ट काही हलला नाही. त्यानं सबंध टेबल उचलून न्यायचा प्रयत्न केला, तर समई डगमगली आणि सासू-सून एका सुरात ओरडल्या. बहुधा सात वर्षांत पहिल्यांदाच.

"यावर चादर टाकतो."

"समईवर?" सुनेत्रा म्हणाली. "काही करू नकोस मोरेश्वर. लपवताना सापडलो तर जास्त वाईट. विचारलं तर खरं सांगायचं. माझा अर्ज गेला तर गेला." आणि तिनं डोळे पुसले. मोरेश्वरला त्या क्षणी वाटलं, आपल्याला कुणीतरी त्या बशांबरोबर हवेत उडवावं.

बेल वाजली.

गार्ड नूला उंच, लाल केसांची, मास्क लावलेली. दारातच तिला उदबत्तीचा वास आला. "काही सण आहे का? मी नंतर येऊ?"

"नो नो, कम!" इरावतीबाई पुढे झाल्या, आणि मग सुनेत्राला म्हणाल्या, "सवाष्ण आहे का विचार तिले. नवमीले दारात आलेल्या बाईले तशीच कशी पाठवू?"

सुनेत्रानं विचारलं. नूलाचं लग्न झालेलं होतं. मग अंतर राखायचं म्हणून सुनेत्रानं सॅनिटायझर आणि हळदीकुंकवाची कोयरी ताटात घालून लांबून पुढे केली, आणि नूलानं स्वतःच, आरशाशिवाय, भुवईपासून भुवईपर्यंत कुंकू फासलं. इरावतीबाई खूश झाल्या. "गुणाची आहे," म्हणाल्या.

मग नूलाची नजर टेबलावर गेली. ती एक एक वस्तू बघत हाराशी आली आणि थांबली.

"हे काय आहे?"

मोरेश्वरचा बांध फुटला. "मॅडम, चूक माझी. सगळी माझीच. बायकोला यातलं काही माहीत नाही. मी काडतुसं घरी भरणार होतो. परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं. दारू आणलेली नाही, काही आणलेलं नाही, फक्त यंत्र आहे. आत्ता काढलं असतं, पण पाना पूजेत आहे!"

शेवटचं वाक्य नूलाला दोनदा समजावून सांगावं लागलं. मग ती वाकली आणि तिनं यंत्र वरून, खालून, बाजूनं नीट पाहिलं. सुनेत्रा भिंतीला टेकून उभी राहिली.

"झकास यंत्र आहे," नूला म्हणाली. "निवडलं कसं?"

"तीन आठवडे अभ्यास केला," मोरेश्वर पुटपुटला. एवढ्या भीतीतही त्याला जरा बरं वाटलं.

"आणि हे?" नूलानं देव्हाऱ्याच्या कडेचं लाल काडतूस दाखवलं. "हे भरणार होतास?"

"हो."

इरावतीबाईंना विचारून तिनं ते उचललं आणि यंत्राच्या साच्याशी धरलं. काडतूस अंगठ्याएवढं जाड, साच्याचं भोक करंगळीएवढं.

"अर्ज शॉटगनचा केलास ना? हे तर रायफलचं यंत्र आहे, गड्या. यात शॉटगनचं काडतूस जन्मात भरता येणार नाही."

मोरेश्वरनं साच्याकडे पाहिलं, काडतुसाकडे पाहिलं, पुन्हा साच्याकडे पाहिलं. एवढे रकाने, एवढे रंग, आणि 'बंदूक कुठली' हा रकानाच नव्हता! आधी फिस्सकन हसली ती सुनेत्रा. हसता हसता ती खुर्चीत बसली, आणि हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते तिलाही कळलं नाही.

"हे नुसतं लोखंड आहे. भरायच्या भानगडीत पडू नकोस, विकून टाक," नूला म्हणाली. "बरं, बंदूक ठेवायची तिजोरी दाखव. मी त्यासाठीच आले होते."

"तिजोरी?" मोरेश्वर म्हणाला.

"तीही नाही आणली!" सुनेत्रा डोळे पुसत म्हणाली.

नूलानं मान हलवली आणि दाराकडे निघाली. "ती बसवलीस की मला फोन कर. आणि डॉक्टर, तुमच्या नागरिकत्वाचे कागद मागच्या आठवड्यात आमच्याकडे आले होते. काही खोट नाही, कधीच पुढे गेले. मागे माझे वडील तुमच्याच वॉर्डात होते. ते आता ग्रँड आहेत, अगदी ठणठणीत."

ती गेली तरी सुनेत्रा बराच वेळ दारातच उभी होती. कपाळभर कुंकवासकट नूलाला घेऊन पोलिसांची गाडी उतारावरून दिसेनाशी झाली.

"म्हंजे हे आता काहीच कामाचं नाही?" इरावतीबाईंनी यंत्राकडे बोट दाखवलं. "अन् माझा सोऱ्या?"

मोरेश्वरचे डोळे एकदम चमकले. "सोऱ्या ना आई? अगं, त्यातही प्रकार असतात! दाबायचा असतो, पिळायचा असतो, एक तर विजेवरचा..." त्याचा हात लॅपटॉपकडे गेला.

"पूजेत आहे तो!" इरावतीबाई ओरडल्या.

"बरं बरं. मोबाइलवर बघतो."

सुनेत्रानं त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला, त्याला ठसठशीत हळदीकुंकू लावलं, आणि पूजेत, यंत्राच्या शेजारी नेऊन ठेवला.