मोर्ट लग्नाला जातो

खैरेवाडीच्या पोरांना इंग्रजी शब्दांचे अर्थ कळावेत म्हणून यंदा तालुक्याहून काही जुने ग्रीक आणि लॅटिन शब्द टेम्पोत बसून आले, आणि गावाने ते घरोघरी पाहुणे म्हणून वाटून घेतले. सगळे वयाने फार मोठे, पण तब्येतीने ठणठणीत. टेले म्हणजे दूर. तो माळावरच्या घरात राहिला. फोन म्हणजे आवाज; तो देवळाशेजारी. संध्याकाळी दोघे जोडीने पाय मोकळे करायला निघाले की पारावरची पोरं ओरडत, "लांबचा आवाज!" शाळेच्या तांबोळीबाई मान डोलावत. शिकवणं ते एवढंच.

मोर्टला मात्र कुणी घेईना. मोर्ट म्हणजे मरण. तो आपला पिशवी धरून टेम्पोपाशी उभा. शेवटी रखमाजीआबा म्हणाला, "चल बाबा माझ्याकडं. माझ्या वयाला तुझी ओळख असलेली बरी."

मोर्ट गुणी निघाला. चपला भिंतीला लावून ठेवी, ताटात शीत टाकत नसे. आबा एकटा माणूस, बायको गेल्यापासून त्याच्या गोष्टींना "मग पुढं काय झालं?" असं विचारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मोर्ट विचारी. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकतानाही विचारी.

माघात हिंदुरावच्या मुलीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी हिंदुरावने चावडीत विषय काढला.

"आबा, वऱ्हाड तुझ्या दारावरनं यायचं. ओसरीवर हा बसलेला. व्याही म्हणाले हे कोण, तर काय सांगू?"

"पाहुणा म्हणून सांग."

"कुणाचा?"

आबाने जरा विचार केला. "तसा सगळ्यांचाच."

"म्हणूनच म्हणतो, सकाळच्या टेम्पोत बसव त्याला."

तांबोळीबाई म्हणाल्या, "परत गेलेला शब्द पुन्हा मिळत नाही. मरणाचे जेवढे इंग्रजी शब्द त्याच्यापासून झालेत, ते पोरांना कळायचे राहतील."

"राहू देत की बाई. कुणाचं अडलंय?"

ठराव झाला. मोर्ट म्हणाला, "हरकत नाही. लग्न निघालं की मला असंच पाठवतात." आणि घरी येऊन पिशवी भरायला बसला.

सकाळी आबाला भाकरी गोड लागेना. ताट सरकवून तो तांबोळीबाईंच्या घरी गेला. तिथे इम राहायची. इम म्हणजे नाही. चहा घेणार का, तर नाही; चहा नको का, तर नाही. म्हणून बाई विचारतच नसत, कप पुढे ठेवत.

आबा तिच्यासमोर उकिडवा बसला. "इमबाई, मोर्टला जाऊ द्यायचं का?"

"नाही," इम म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

इम ज्याच्या पुढे उभी राही त्याचा अर्थ फिरे, हे गावाला पाठ होतं. तिने आबाच्या ओसरीवर येऊन मोर्टचा उजवा हात धरला आणि पुढे होऊन त्याला थेट मांडवात आणलं. मागून आबा आणि तांबोळीबाई. हिंदुराव तरातरा आडवा आला, पण तोवर पोरं ओरडली होती, "कधीच न मरणारा!"

"कोण म्हणायचे हे?" व्याह्यांनी विचारलं.

हिंदुरावने दोघांच्या हातांकडे पाहिलं. "अमर," तो म्हणाला. "आमच्या गावचे पाहुणे." मग तांबोळीबाईंच्या कानाशी लागून, "हात सुटला तर?"

"तर पुन्हा तेच."

हिंदुरावने दोघांना पुढच्या रांगेत बसवलं आणि आबाला बजावलं, "तू इथनं हलायचं नाही."

मोर्टने अक्षता डाव्या हाताने टाकल्या. त्या चालून गेल्या. पंगतीत त्याचा उजवा हात इमच्या हातात, म्हणून आबाने बुंदीचा लाडू फोडून त्याला भरवला.

"लग्नाचं जेवण मी पहिल्यांदाच जेवतोय," मोर्ट म्हणाला.

"मग सावकाश जेव. घाई कुणाला हाय?"

संध्याकाळी तांबोळीबाई इमला न्यायला आल्या. "घरी चलता ना?"

"नाही."

तेव्हापासून दोघं आबाच्या ओसरीवर हात धरून बसलेली असतात. दुपारी इमला डुलकी लागते आणि हात सुटतो. आबा अडकित्ता खाली ठेवतो, तिचा हात उचलून मोर्टच्या हातात देतो आणि सुपारी पुन्हा कातरायला घेतो.

"मग पुढं काय झालं?" मोर्ट विचारतो.